कानवालीने ऐकलेला श्वास

गाणं लागलं की माणसं टेकतात, डोळे मिटतात, मान डोलवतात. ही उठायची. लहानपणापासूनची खोड. माहेरी कपाटावर रेडिओ असायचा आणि गाणं सुरू झालं की ही पोर खोलीत येरझाऱ्या घालायची, खिडकीची कडी उघडायची, पुन्हा लावायची, फ्रॉकचा धागा ओढत ओढत शिवण उसवायची. भाऊ ओरडायचे, "अगं, बूड टेक की जरा! गाणं ऐकतेयस की घर झाडतेयस?"

"ऐकतेय," ती म्हणायची. आणि गाणं ऐन रंगात आलं की विचारायची, "ही बाई प्रत्येक गाण्यात दारातच का उभी असते? हिला दुसरं काही काम नाही का?"

भाऊ कपाळावर हात मारून घ्यायचे. आई म्हणायची, हिच्या सासरच्यांचं देवच रक्षण करो.

ती आता पंचेचाळिशीच्या पुढे गेली आहे. खोड गेली नाही, उलट मुरली. गावात तिला सगळे कानवाली म्हणतात, कारण कानाच्या दवाखान्यात माणसांना किती ऐकू येतं हे तपासण्याचं काम ती करते. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली आहे. भिंतींना आतून करडा, खवलेदार स्पंज, दाराला रबराची कड, मध्ये दुहेरी काच. आत माणूस बसतो, कानांवर मोठाले हेडफोन चढवून. काचेच्या अलीकडे ही, समोर बटणांचं यंत्र. "आवाज आला की बोट वर करा. कितीही बारीक असला तरी." एवढंच तर सांगायचं असतं, पण ते सरळपणे कुणालाच जमत नाही. काही जण आवाज नसतानाच बोट वर करतात, नापास होऊ नये म्हणून. काही जण आवाज येऊन जातो तरी खात्री करत बसतात. काही जण तिच्या डोळ्यांत उत्तर शोधतात, म्हणून ती मान खाली घालून बटण दाबते.

एकदा एक आजीबाई आपल्या म्हाताऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. "बाई, ह्यांना शेजारच्या घरात चमचा पडलेला ऐकू येतो. फक्त माझं बोलणं ऐकू येत नाही. ह्यावर यंत्र आहे का?"

"तसं यंत्र निघालं ना आजी," कानवाली म्हणाली, "तर पहिलं मी घरी नेईन."

म्हातारा गालातल्या गालात हसला. म्हणजे त्याला ऐकू आलं होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत कुणी नसायचं. मग ही आत शिरायची, दार लावून घ्यायची आणि नवी गाणी ऐकायची. खोलीत पाऊल टाकायलाही जागा नाही, पण हिला बसून ऐकता येईना, म्हणून ती जागच्या जागी गोल गोल फिरायची. काचेतून नर्स पाहायची आणि दुसरीला म्हणायची, "बघ, जुंपली घाण्याला."

त्या गोल फिरण्यातून तिचं लिहिणं निघालं.

गावाचं एक साप्ताहिक आहे. गुरुवारी निघतं, चार पानी, शाई बोटांना लागते. त्यात नव्या गाण्यांवर मास्तर लिहायचे. मास्तर म्हणजे शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले, गळा गोड, भाषा त्याहून गोड. गाणारा पुरुष असला की मास्तरांच्या पोतडीतून एकेक शब्द बाहेर पडायचा: आवाका, धाडस, तयारी, प्रतिभा. गाणारी बाई असली की दोनच. मधुर आणि लाघवी. कानवाली गुरुवारी पेपर वाचायची आणि चहा निवायच्या आत संपादकांना फोन लावायची. संपादक तिच्या वडिलांचे दोस्त, त्यामुळे ते तिचे काका.

"काका, मास्तरांनी त्या नव्या मुलीवर काय लिहिलंय वाचलंत? तिच्या गळ्यावर एक ओळ आणि केसांवर तीन."

"अगं, फोटो छान आला होता तिचा."

"मग फोटोची परीक्षणं छापा. गाण्याचं काय?"

"तुझं तोंड फार चालतं. हात चालतो का? लिहून दाखव."

मास्तरांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, त्यांना सक्तीची विश्रांती मिळाली, आणि ते सदर तात्पुरतं म्हणून हिच्याकडे आलं. तात्पुरतं आलेलं पाहुणं जसं कधी कधी घरचंच होऊन जातं, तसं झालं. सदराचं नाव ठेवलं 'कान देऊन'. खाली नाव नसायचं.

ती काय लिहायची? साध्या गोष्टी, पण कुणी न लिहिलेल्या. या गाण्यात बाईच्या तोंडी घातलेली ओळ कोणत्या बाईने कधी उच्चारली असेल का? ढोल इतका पुढे का आणलाय, गाणारीचे शब्द झाकायला? ही मुलगी वरच्या सुरात जाते तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात, पण ती खालच्या सुरात येते तेव्हा खरं बोलते, ते ऐका. लोकांना आवडू लागलं. दवाखान्यातल्या बाकावर पेपर उघडून माणसं तिच्यासमोरच म्हणायची, "काय फटके मारतो हा माणूस! बँकेतला असावा कुणी." बँकेतला का, ते देव जाणे.

वर्षभर तिने सोसलं. मग एका गुरुवारी सदराखाली छापून आलं: कानवाली.

मजकूर तसाच होता, धारही तीच. पण त्या आठवड्यापासून फटक्यांची किरकिर झाली. जो लिहिणारा सडेतोड होता, ती लिहिणारी तोंडाळ ठरली. "घरी काही बिनसलेलं दिसतंय," असं बाकावरची तीच माणसं म्हणू लागली, फक्त आता हळू आवाजात, आणि कान तपासणारीला हळू आवाज ऐकू येत नाहीत अशी त्यांची समजूत असावी. शब्द जागचे हलले नव्हते. ऐकणाऱ्यांनी आपली खुर्ची सरकवून घेतली होती.

मास्तरांचे डोळे बरे झाले होते. ते अधूनमधून संपादकांकडे चहाला जात आणि उठताना म्हणत, "चालू द्या, चालू द्या. बायकांना गाणं आवडतं, हे काय कमी आहे? कळायला वेळ लागतो."

हे सगळं तिला पुरतं ठाऊक होतं. म्हणून ती एकेक ओळ लिहिताना दहा वेळा उठायची. आपण एकदा जरी चुकलो, तर ती चूक आपली एकटीची मोजली जाणार नाही, एवढं तिला कळत होतं.

आणि ती चुकली. निदान गावाला तसं दिसलं.

झालं असं. गावात एक स्टुडिओ आहे, लाकडी सामानाच्या दुकानावरच्या माडीवर. आसपासच्या सगळ्या मुलखात फोनवर वाजणारी गाणी तिथे होतात. कानवालीची धाकटी नणंद तिथे कामाला. घरात तिला धाकटीच म्हणतात. गाणं रेकॉर्ड झालं की ते साफ करायचं, खोकला, खुर्चीची करकर, आवाजातली खरखर काढायची, हे तिचं काम. त्या माडीवर ती एकटीच बाई, आणि ती तिथे टिकली होती ती मान खाली आणि हात चालू ठेवून.

आता अडचण अशी होती की पेपर गुरुवारी निघायचा आणि नवं गाणं शुक्रवारी. गाणं बाहेर पडल्यावर लिहावं तर छापून येईपर्यंत ते शिळं. म्हणून धाकटी सोमवारी गाणं आपल्या फोनवर घरी आणायची आणि वहिनीला द्यायची. कुणी तिला परवानगी दिली नव्हती, कुणी मनाही केली नव्हती. दोघींचा तो रिवाजच पडून गेला. गाणं आधी कुठून मिळतं हे काकांनीही कधी विचारलं नव्हतं. सोमवारचं गाणं आणि शुक्रवारचं गाणं यांत कधी फरक नसायचा.

त्या सोमवारी आलेलं गाणं एका कोवळ्या मुलीचं होतं. गाणं तसं रोजच्यातलंच, गेलेल्या माणसाचं. पण मधल्या कडव्यात एक लांबलचक ओळ होती: 'तू गेलास त्या वाटेची धूळ अजून माझ्या पावलांना नावानं हाक मारते.' ती मुलगी 'अजून'पर्यंत आली आणि तिचा दम तुटला. तिने श्वास घेतला. घाईत, तोंडाने, जिना चढून आलेलं माणूस दाराशी घेतं तसा. आणि मग पुढची अर्धी ओळ म्हणाली.

कानवाली त्या स्पंजाच्या खोलीत फिरत होती, ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा गाणं ऐकताना ती एका जागी स्थिर उभी राहिली. तिने ती जागा पुन्हा लावली, पुन्हा लावली. गाण्यांमधून दारात उभ्या असलेल्या त्या सगळ्या बायकांत ही पहिली चालून आलेली बाई होती. हिचे पाय दुखत होते.

तिने सबंध सदर त्या एका श्वासावर लिहिलं. लिहिलं की या गाण्यातलं सगळ्यात मोठं वाद्य म्हणजे 'अजून' नंतरचा श्वास. शब्दांनी जे सांगितलं नाही ते त्याने सांगितलं. गुरुवारी ते छापून आलं. शुक्रवारी गाणं आलं.

दवाखान्यातल्या औषधवाल्याने ते आपल्या फोनवर मोठ्याने लावलं होतं. कानवाली हातातली कानाची यंत्रं पुसत होती. 'तू गेलास त्या वाटेची धूळ अजून' आणि ओळ तशीच पुढे गेली, सपाट, चकचकीत, नुकत्याच पुसलेल्या काचेसारखी. श्वास नव्हता.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

त्याने लावलं. नव्हता.

"ताई, तुम्ही लिहिलेला तो श्वास कुठंय हो?" औषधवाला खरंच विचारत होता. त्याने सकाळपासून तीनदा शोधला होता.

दुपारपर्यंत गावाला विषय मिळाला. कानाला यंत्र लावून घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी बसल्या बसल्या तिला विचारलं, "बाई, आमचे कान तुम्ही तपासता. तुमचे कोण तपासतं?" बाकावरचे सगळे हसले. तीही हसली, आणि तिच्या हातून यंत्रातली बारकी बॅटरी खाली पडली, ती शोधायला खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

शनिवारी काकांचा फोन आला. "मास्तर येऊन गेले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाईला गाण्यात सूर ऐकू येत नाही, रडणं ऐकू येतं. नसलं तरी ऐकू येतं. छापून द्या म्हणाले, त्यांच्या नावाने. अगं, फोन येताहेत सारखे. तू कुठून ऐकलंस ते?"

तिने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हे बघ. मंगळवारपर्यंत चार ओळी दे. 'ऐकण्यात चूक झाली, क्षमस्व.' लोक विसरतात. नाही तर सदर मास्तरांना परत द्यावं लागेल. मला ते आवडणार नाही, पण पेपर मला चालवायचाय."

"ऐकण्यात चूक झाली असं मी लिहू, काका? कान तपासणाऱ्या बाईने?"

"मग पुरावा दे," काका म्हणाले.

पुरावा तिच्या फोनमध्येच होता. सोमवारचं गाणं तसंच पडलेलं होतं, श्वासासकट.

धाकटी संध्याकाळी घरी आली तेव्हा कानवाली गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती, म्हणजे काढत होती आणि पुन्हा वाळत घालत होती.

"कुणी केलं ते?" तिने चिमटा हातात धरूनच विचारलं.

"वहिनी, ओरडू नकोस."

"मी ओरडतेय कुठे?"

"तुझा चिमटा ओरडतोय. ठेव खाली." धाकटीने कठड्याला पाठ लावली. "मालकांनी बुधवारी गाणं पुन्हा ऐकलं. म्हणाले, पोरीला दम लागलाय, नवशिकी वाटतेय, ते पुसून टाक. मी पुसलं."

"तू?"

"मग कोण? माझंच काम आहे ते. माझ्याच हातानं पुसलं. तुझं पान तेव्हा छापायला गेलं होतं."

"मला सांगायचंस तरी!"

"काय सांगू? की मी माडीवरून गाणी बाहेर नेते? बुधवारी मालक माझ्या मागेच बसले होते, खुर्ची लावून." धाकटीचा आवाज चढला. "तू आता ते जुनं गाणं कुणाला ऐकवलंस ना वहिनी, तर सोमवारी मला त्या जिन्याच्या पायरीवरसुद्धा उभं करणार नाहीत. तुझं जाईल ते एक सदर. माझं पोट जाईल."

"एक सदर!" कानवालीने ओली चादर दोरीवरून ओढली. "त्या एका सदरासाठी मी किती ऐकून घेतलंय, माहीत आहे? माझ्यानंतर तिथे कुणी बाई लिहील का सांग. मास्तर येतील, पुन्हा मधुर आणि लाघवी. आणि ती पोर? तिच्या गाण्यातलं एकच खरं होतं, ते तू पुसलंस."

"ती पोर खूश आहे. म्हणाली, किती साफ झालं."

कानवालीने चादर पुन्हा दोरीवर टाकली. पोरीचं ते खूश असणं तिला सगळ्यात जास्त लागलं.

खालून सासूबाईंची हाक आली, "काय गं भांडताय? शेजारी दिवा बंद करून ऐकत बसलेत, त्यांच्यासाठी जरा मोठ्याने तरी बोला!"

रविवार तिने चालण्यात काढला. बाजारात गेली, काही न घेता आली. नदीच्या पुलापर्यंत गेली, तिथून वळली. नवरा टपाल खात्यात, शांत माणूस, गाणं लागलं की पाचव्या मिनिटाला घोरतो. तो एवढंच म्हणाला, "माफी माग की. माफीनं काय झिजतं? मी ऑफिसात रोज मागतो." तिने फोन उघडला, ते गाणं काढलं, काकांचं नाव काढलं. अंगठा काचेवर धरून ती पुलाच्या कठड्याशी उभी राहिली. पाठवलं की आपण खरे. आणि धाकटी त्या माडीवरून खाली. ज्या माडीवर एकच बाई आहे तिथून तीही काढायची, आणि मग गुरुवारी लिहायचं की बाईचा आवाज पुसला जातो म्हणून! तिने फोन पर्समध्ये टाकला. थोड्या वेळाने पुन्हा काढला. असं बऱ्याच वेळा झालं.

सोमवारी सकाळी सासूबाई पलंगावर चादरींच्या घड्या घालत होत्या. गाणं गावभर वाजत होतं, त्यांच्याही तोंडात बसलं होतं. घडी घालता घालता त्या गुणगुणत होत्या. सूर यथातथाच, पण ठेका पक्का. 'तू गेलास त्या वाटेची धूळ अजून'. इथे सासूबाई थांबल्या, त्यांनी श्वास घेतला, आणि उरलेली ओळ म्हणत चादरीचं दुसरं टोक जुळवलं.

कानवाली दारात उभी होती, पायात एकच चप्पल.

"आई, पुन्हा म्हणा."

"काय?"

"ती ओळ. म्हणा ना."

"अगं, मला कुठे गाता येतं? उशीर होतोय ना तुला?" पण म्हणाल्या. पुन्हा तिथेच थांबल्या.

"तिथे का थांबलात?"

"दम नको घ्यायला? मेले की मग चादरींच्या घड्या कोण घालणार, तू?"

त्या दिवशी कानवालीने ज्याला त्याला ती ओळ म्हणायला लावली. नर्सने म्हटली, तिचा दम 'अजून'ला संपला. औषधवाल्याने छाती फुगवून म्हटली, तो 'माझ्या'पर्यंत पोचला आणि खोकला. तपासणीला आलेल्या एका आजींना तिने हेडफोन काढल्यावर विचारलं, आजी लाजल्या, मग गायल्या, आणि 'अजून'वर असा श्वास घेतला की त्यांच्या मुलीने वळून पाहिलं. "आई, बरं वाटतंय ना?" "गप गं, गातेय मी." नर्सला वाटलं बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. पण कानवाली जेवणाच्या सुट्टीत त्या अरुंद खोलीत गेली, दार लावलं आणि भिंतीवर कागद धरून उभ्या उभ्या लिहू लागली. स्पंज मऊ, पेन कागदातून आरपार जाई. कागद भोकाभोकांचा झाला.

मंगळवारी ती काकांच्या समोर बसली नाही, उभीच राहिली. काकांनी चष्मा लावला.

तिने लिहिलं होतं: 'गेल्या आठवड्यात मी ज्या श्वासाबद्दल लिहिलं तो या गाण्यात नाही. वाचकांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून मी आता तुम्हालाच विचारते. ती ओळ मोठ्याने म्हणा, गाण्यात आहे त्याच चालीत, त्याच संथपणाने. तुम्हाला श्वास कुठे घ्यावा लागतो? आता पुन्हा गाणं ऐका. ही मुलगी तुमच्या आमच्यासारखीच हाडामांसाची आहे. मग तिने तो कुठे घेतला? गाणाऱ्या पुरुषाला दम लागला की त्याला आपण जीव ओतणं म्हणतो. बाईला लागला की कच्चेपणा. त्यामुळे आपल्या गाण्यांतल्या बाया हळूहळू श्वास न घेणाऱ्या झाल्या आहेत. दारात उभं राहायला श्वास लागत नाही. चालायला लागतो.'

काका वाचत होते. मधेच त्यांचे ओठ हलू लागले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खुर्ची थोडी खिडकीकडे वळवली, आणि अगदी बारीक आवाजात 'तू गेलास त्या वाटेची' सुरू केलं. 'अजून'ला त्यांचे खांदे वर आले. मग ते खोकल्याचं निमित्त करून थांबले.

"हे काही माफीपत्र नाही."

"नाही."

"यात 'ऐकण्यात चूक झाली' कुठेच नाही."

"झाली नाही म्हणून नाही."

"पुरावा आहे तुझ्याकडे?"

पर्समध्ये फोन होता. पर्सची चेन ती मघापासून उघडझाप करत होती. काकांचं लक्ष त्या आवाजाकडे गेलं.

"देण्यासारखा नाही," ती म्हणाली. "द्यायचा असता तर शनिवारीच दिला असता. एवढ्यावर छापता येत असेल तर छापा. नाही तर मास्तरांना फोन करा, मी जाते. पण त्या चार ओळी माझ्या नावाखाली येणार नाहीत."

काकांनी चष्मा काढला, पुसला. "मास्तरांचंही येणार. शेजारी शेजारी."

"येऊ द्या. लोकांना दोन्ही वाचता येतात."

"आणि तू जरा बस की गं! मला गरगरायला लागलंय."

ती बसली नाही.

गुरुवारी दोन्ही आलं. ज्यांना हसायचं होतं ते हसलेच. बाकावरचे एक जण म्हणाले, पळवाट काढली बाईने, आणि दुसरे म्हणाले, काढली, पण ओळ म्हणून बघ. त्यांनी म्हणून बघितली. मग दुकानांच्या पायऱ्यांवर, न्हाव्याच्या खुर्चीत, शाळेच्या फाटकाशी माणसं ती ओळ म्हणू लागली, छाती भरून, पैजा लावून, आणि सगळी एकाच जागी अडू लागली. कुणी एका दमात पार केलीच तर शेवटचा शब्द गिळायचा. मास्तरांचा तिला स्वतःहून फोन आला. "मी दोनदा म्हणून पाहिली. माझा दम पुरतो," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य बोलायला त्यांना थोडा वेळ लागला. "गाणं हे तंत्र आहे, बाई. दम राखता येतो."

"येतो ना मास्तर. त्या मुलीला येत नव्हता, हेच तर मी लिहिलं होतं."

त्यांनी फोन ठेवला. सदर तिच्याकडे राहिलं. काकांनी एवढंच सांगितलं, पुढचा मजकूर वेळेत दे.

पण वेळेत द्यायला गाणं कुठून आणायचं? धाकटीने सोमवारी काही आणलं नाही, त्यानंतरच्याही सोमवारी नाही. मागायचं नाही, हे कानवालीने स्वतःशी ठरवलं होतं. आता ती शुक्रवारी सगळ्यांबरोबरच ऐकते आणि पुढच्या गुरुवारी लिहिते, गाणं शिळं झाल्यावर. वाचणारे थोडे कमी झाले. उरले ते मात्र भांडतात, फोन करतात, ओळी म्हणून दाखवतात. त्यांत बायका जास्त.

धाकटी घरात बोलायची ती कामापुरतं. मीठ दे, किल्ली कुठंय, पंखा बंद कर. असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी ती कामावरून आली, हातपाय धुतले आणि कानवाली भाजी निवडत होती तिथे येऊन जमिनीवर बसली. एक देठ उचलून तोडत राहिली.

"मालक तुझ्यावर फार चिडलेत," ती म्हणाली. "म्हणतात, त्या बाईमुळे गाणारे आता भांडतात. श्वास ठेवा म्हणतात. त्या पोरीनेसुद्धा परवा विचारलं, माझा खरंच तिथे होता का म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही. मान खाली घातली." देठाचे तुकडे झाले होते, तिने दुसरा घेतला. "वहिनी, तू माझं नाव घेतलं नाहीस, ते कळतंय मला. पण माझं काम बिघडवलंस. पूर्वी माझा हात कसा सरसर चालायचा. आता श्वास दिसला की थांबतो. मागे जाऊन ऐकते. हा कुठून आला, कसला आहे, दमाचा की रडण्याचा. दिवसाचं काम दोन दिवस पुरतं. ओरडा खाते."

"मग? ठेवतेस?"

"छे! ठेवून कसं चालेल? पुसते," धाकटी म्हणाली. "पण आधी ऐकते."

कानवालीच्या हातातली भाजी तशीच राहिली. ती उठली, खिडकीपाशी गेली, कडी उघडली. खाली रस्त्यावर कुठल्यातरी दुकानात कालच आलेलं गाणं लागलं होतं, त्यातली बाई न थांबता गात होती.

"आज किती पुसलेस?" तिने पाठमोरीच विचारलं.

धाकटीने हातातला देठ खाली ठेवला. मग ती एकेक सांगू लागली, कोणत्या गाण्यातला, कोणत्या शब्दानंतरचा, कसा होता. आणि कानवाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत ऐकत राहिली.